हवानातला रविवार

२७ ऑक्टोबर १९६२. शनिवारची रात्र. हवानाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, मालेकोनवर, तुम्ही पहाऱ्याला उभे आहात. अंगात मिलिशियाचा निळा शर्ट, शेजारी वाळूच्या पोत्यांआड विमानविरोधी तोफ. फ्लोरिडाचं टोक इथून जेमतेम एकशे सत्तर किलोमीटर. गेल्याच वर्षी प्लाया हिरोनला अमेरिकेने धाडलेली फौज तुमच्या लोकांनी तीन दिवसांत मोडून काढली होती. आता मात्र अमेरिकी आरमाराने बेट घेरलंय आणि आज रशियन तुकडीने अमेरिकेचं यू-२ विमान पाडलंय. कुठल्याही क्षणी बाँब पडतील, असं इथे प्रत्येकाला वाटतंय. तरीही कोणी जागा सोडलेली नाही.

रविवार उजाडतो आणि बातमी येते: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह क्युबात आणलेली आपली क्षेपणास्त्रं परत नेणार. युद्ध टळलं! मुलांबाळांच्या आठवणीने तुमचे डोळे भरून येतात. पण पाठोपाठ संताप उसळतो. आपल्याला कोणी विचारलं? फिदेल कास्त्रोंनासुद्धा हे वृत्तसंस्थेच्या बातमीवरूनच कळलंय.

तुम्ही भविष्यातून आलात, म्हणून आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. काल रात्रीच वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना गुपचूप शब्द दिला: तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रंही काढू. तुर्कस्तान अमेरिकेचा मित्र, क्युबा रशियाचा. दोघांच्या भूमीचा सौदा दोघांच्या पाठीमागे झाला.

रविवारीच कास्त्रो पाच मागण्या जाहीर करतात. ग्वांतानामोचा अमेरिकी तळ परत द्या, ही त्यातलीच एक. त्यांची समजूत काढायला सोव्हिएत नेते मिकोयान २ नोव्हेंबरला येतात, पण तोवर व्यवहार आटोपलेला आहे. हल्ला न करण्याचं अध्यक्ष केनेडींचं आश्वासन मिळतं. ग्वांतानामो मिळत नाही.

या संकटातली मूळ चूक उन्हाळ्यातच झाली होती. मॉस्कोशी ठरत असलेला संरक्षण करार जगजाहीर करा, असा हवानाचा आग्रह होता. मॉस्कोने तो गुप्तच ठेवला. बलाढ्य मित्राची मदत घेण्यात कमीपणा नाही. पण त्याची शस्त्रं आपल्या मातीत उतरण्याआधी ती कोणाच्या हुकमाने डागली जातील, कोणाच्या संमतीने परत जातील, हे लहान देशाने उघडपणे लिहून घ्यायलाच हवं. मरणाचा धोका ज्यांनी पत्करला, त्यांना वाटाघाटीत जागा मिळणं हा त्यांचा हक्क आहे.