झाकणाच्या आतलं सोल्डर

"याचे पार्ट आता येत नाहीत, नवीन घ्या." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. वस्तू जुनी झाली की असंच व्हायचं, असं आपण धरून चालतो. मी जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करतो. मला हे पटत नाही.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचा चढउतार पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. रेडिओ, टीव्ही, रडार, संगणक, सगळ्यांची नाडी त्यावरच बघायची. १९४६ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि साथीदारांनी टेक्ट्रॉनिक्स कंपनी काढली. पुढच्याच वर्षी त्यांचा ५११ हा स्कोप आला.

त्यांच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या काळातल्या स्कोपचं झाकण उघडलं की आत चक्क सोल्डरचं छोटं रीळ ठेवलेलं असतं! आतले पार्ट सिरॅमिकच्या पट्ट्यांवर, चांदीचा थर दिलेल्या खाचांत जोडलेले. साधं सोल्डर वापरलं तर तो थर विरघळतो, म्हणून सुमारे ३ टक्के चांदीचं सोल्डर लागतं. ते कंपनीनेच आत ठेवलं. म्हणजे यंत्र विकतानाच कबूल केलं होतं, की हे कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी ते उघडणार. मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, कुठे किती व्होल्टेज हवं ते, आणि पार्टांची यादी.

त्यामुळे हे स्कोप आजही उठून बसतात. वाळलेले कपॅसिटर बदलायचे तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी नुसती व्हॅल्यू सांगायची. कंपनीचं नाव लागतच नाही.

पुढे वेग वाढवायला कंपनीने स्वतःच्या खास चिपा बनवल्या. यात लबाडी नव्हती, बाजारातल्या पार्टांनी तो वेग गाठता येत नव्हता. पण १९८०च्या दशकातल्या २४६५ मधली 'यू ८००' नावाची चिप गेली, की दुसरा बंद पडलेला २४६५ शोधून त्यातली काढायची. एक जगवायला दुसरा मारायचा.

आणि आता? सर्किट द्यायचंच नाही. काही फोनमध्ये तर अस्सल पार्ट बसवला तरी सॉफ्टवेअर तो नीट चालू देत नाही. इथे वेगाचं कारण सांगता येत नाही.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, सगळं त्यात आहे. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडला, आयटीआयच्या लॅबमधला स्कोप बंद पडला, तर नुकसान शेतकऱ्याचं आणि पोरांचं होतं. कंपनीचा नवा माल खपतो.

पुढची खरेदी करताना वॉरंटीबरोबर दोनच प्रश्न विचारा. सर्किट डायग्राम मिळेल का? पार्ट किती वर्षं मिळतील? काय उत्तर आलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. सगळ्यांनाच कळू दे.