पहिला येऊनही बरोबरी : स्पीडवेच्या सांघिक गणिताचा इतिहास

#थ्रेड

१/१२
जून २०१८. पोलंडमधील व्रोत्सवाफ शहर. ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ या जागतिक सांघिक स्पर्धेची अंतिम शर्यत. रशियाचा आर्तेम लागुता पहिला आला. ब्रिटनचे दोघे दुसरे आणि तिसरे. गुण झाले ३–३. बरोबरीत ज्याचा स्वार पहिला, त्याचा विजय, असा नियम होता. सुवर्णपदक रशियाला मिळाले.

२/१२
येथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. संघ म्हणजे काय? एकटाच पुढे निघून जाणारा अव्वल स्वार, की एकमेकांना सांभाळून घेणारे दोघे? स्पीडवेच्या सांघिक स्पर्धांची रचना गेल्या नव्वदहून अधिक वर्षांत वारंवार बदलली. त्या प्रत्येक बदलात या प्रश्नाचे वेगळे उत्तर दडलेले आहे.

३/१२
आधी खेळाची ओळख. मातीची लंबवर्तुळाकार धावपट्टी, चार स्वार, चार फेऱ्या. मोटारसायकल ५०० सीसीची, मेथॅनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवत गाडी वळवायची. साधारण मिनिटभरात शर्यत संपते. रूढ गुणपद्धती सोपी : पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य.

४/१२
ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात रुजलेला हा खेळ ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने गाजला तो १९ फेब्रुवारी १९२८ रोजी, लंडनजवळच्या हाय बीच येथील शर्यतींमुळे. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, तेथे सांघिक लीग सुरू झाल्या. एकेकट्या शूरांच्या खेळाला आता गावाचे नाव आणि संघाचे रंग लाभले.

५/१२
लीगचा कणा ठरली ती दोघांविरुद्ध दोघे ही रचना. एका शर्यतीत एकूण गुण सहा. एका संघाचे दोघे पहिले-दुसरे आले, तर ५–१. मात्र एक पहिला आणि त्याचा साथीदार शेवटचा आला, तर ३–३. म्हणजे शर्यत जिंकूनही संघाच्या पदरी आघाडी नाही. त्यामुळे पुढे असलेला कसलेला स्वार वेग किंचित आवरून, प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून साथीदाराला पुढे काढू लागला.

६/१२
या सहकार्याला पैशाचीही जोड मिळाली. स्वारांचे मानधन गुणांवर ठरत असे. साथीदाराच्या पाठोपाठ येणाऱ्याचे नुकसान होऊ नये, म्हणून त्याला ‘बोनस’ गुण देण्याची पद्धत आली. हा गुण संघाच्या धावफलकावर चढत नाही. तो स्वाराच्या सरासरीत आणि मानधनात धरला जातो. आपल्याच माणसाला मागे टाकण्याचा मोह टाळण्याची ही किंमत.

७/१२
१९६५ मध्ये दोन लीग एकत्र येऊन ‘ब्रिटिश लीग’ स्थापन झाली. तिचा सामना १३ शर्यतींचा आणि ७८ गुणांचा. ४० गुण झाले की विजय निश्चित. सहा किंवा अधिक गुणांनी मागे पडलेल्या संघाला ठरलेल्या स्वाराऐवजी आपला भरवशाचा स्वार उतरवता येई. या डावपेची बदलीमुळे संघव्यवस्थापकाच्या हाती निकाल फिरवण्याचे साधन आले.

८/१२
पुढे १५ शर्यती आणि ९० गुण ही रचना स्थिरावली. अखेरच्या टप्प्यासाठी स्वार ऐन वेळी निवडायचे, त्यामुळे शेवटपर्यंत उत्कंठा टिकते. पोलंडच्या लीगने दुसरी शर्यत तरुण स्वारांसाठी राखून ठेवली. तेथे नवोदितांना घडवणे ही संघाची सदिच्छा उरली नाही. ती सामना जिंकण्याची गरज बनली.

९/१२
देशादेशांच्या स्पर्धेने मात्र वेगळी वाट धरली. १९६० च्या पहिल्या जागतिक सांघिक अंतिम फेरीत चार देश होते, प्रत्येकाचे चार स्वार, एकूण १६ शर्यती. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एकच स्वार! गॉथेनबर्गमध्ये स्वीडनने ४४ गुणांसह बाजी मारली. इंग्लंड ३०, चेकोस्लोव्हाकिया १५, पोलंड ७. पुढच्याच वर्षी व्रोत्सवाफमध्ये पोलंडने स्वीडनला ३२–३१ असे मागे टाकले.

१०/१२
रचना सुटसुटीत, चुरसही भरपूर. पण विसंगती अशी की या ‘सांघिक’ स्पर्धेत धावपट्टीवर स्वाराला साथीदारच नसे. ती उणीव जोडीच्या स्पर्धेने भरून काढली. १९७० मध्ये माल्मो येथे पहिले अधिकृत जागतिक जोडी विजेतेपद न्यूझीलंडच्या रॉनी मूर आणि आयव्हन मेजर यांनी मिळवले. १९९४ मध्ये तर सांघिक विश्वचषकालाच जोडीचे रूप देण्यात आले.

११/१२
२००१ मध्ये लंबक उलटा फिरला. नव्या विश्वचषकात मोठे संघ परतले आणि ‘जोकर’ही आला : पिछाडीवरच्या संघाच्या एका स्वाराला त्या शर्यतीत दुप्पट गुण. सामना जिवंत राहू लागला. पण एका मिनिटात दुप्पट कमाई होत असेल, तर आधी कष्टाने मिळवलेल्या आघाडीचे मोल काय, असा आक्षेपही त्यावर घेता येतो.

१२/१२
२०१८ मध्ये पुन्हा जोडी आली आणि आरंभी सांगितलेला तो निकाल लागला. पुढे गुणपद्धती ४-३-२-० अशी झाली. ऑक्टोबर २०२१, मँचेस्टर : अंतिम शर्यतीत पोलंडचा बार्तोश झ्माझलिक पहिला, ब्रिटनचे रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन ब्यूली दुसरे-तिसरे. क्रम तोच, पण आता बेरीज ५–४. सुवर्णपदक ब्रिटनला. व्रोत्सवाफमध्ये दुसरा आलेला लॅम्बर्टच्या जोडीतील ताय वॉफिंडेन त्या अंतिम शर्यतीत नव्हता. लॅम्बर्ट मात्र दोन्ही वेळी धावपट्टीवर होता. तीन वर्षांपूर्वी ज्या क्रमाने त्याचे सुवर्ण हुकले, त्याच क्रमाने ते या वेळी त्याच्या हाती आले.