पाकीट, चामड्याचे

नोटा, कार्डे आणि किरकोळ कागद ठेवायचे घडीचे खिसापाकीट. मुंबईत ते शिवण्याचे मुख्य ठिकाण धारावी. शीव स्थानकाहून ती हाकेवर. तिथली पाकिटे शीव-वांद्रे रस्त्यावरच्या शोरूममध्ये मिळतात, तशी उपनगरांतल्या स्टेशनाबाहेरही. एकाच नमुन्याची दोन पाकिटे घेतली, तर एक दहा वर्षे चालते आणि दुसऱ्याचे दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

पहिला फरक थराचा. जाड कातडे यंत्रावर आडवे चिरतात. वरच्या, केसांच्या बाजूच्या भागात तंतू घट्ट गुंतलेले असतात. खालच्या भागाला 'स्प्लिट' म्हणतात, त्यात ते सैल असतात. स्प्लिटवर प्लास्टिकचा पातळ थर चढवून त्यावर कातड्याचे दाणे छापले की दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही सारखीच दिसतात. त्याखालची पायरी म्हणजे कातरणांचा भुगा डिंकासारख्या द्रव्यात बांधून केलेले पत्रे, आणि सर्वांत शेवटी निव्वळ रेक्झिन. युरोपीय मानकानुसार वर चढवलेला थर 0.15 मिमीपेक्षा जाड असेल, तर वस्तूला नुसते 'चामडे' म्हणता येत नाही. आपल्याकडचा 'जेन्युइन लेदर' हा छाप यातले काहीच सांगत नाही. त्याला पुरावा मानू नये. नोटांचा कप्पा उघडून कापलेली कड शोधावी. तंतू दिसले तर बरे. एकावर एक चिकटवलेले गुळगुळीत पदर दिसले तर पाकीट जागीच ठेवावे.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी जुनीच होती. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. त्यामुळे इथल्या मालात मुख्यतः म्हैस आणि बकरी उरली. कमावलेले कातडे चेन्नई, कानपूर, कोलकात्याहूनही येते. म्हशीचे कातडे जाड, म्हणून पाकिटासाठी बरेच तासावे लागते. बकरीचे मुळात पातळ आणि तरी चिवट असल्याने पाकिटाला तेच अधिक सोयीचे. कमावणी दोन प्रकारची. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले कातडे (कोल्हापुरी चपलेचे असते ते) ताठ असते आणि पाण्याचा डाग धरते. क्रोम क्षारांनी कमावलेले मऊ राहते आणि भिजणे सोसते. मुंबईच्या पावसात खिशात वागवायचे असेल, तर क्रोमचे बरे.

खरा घात मात्र शिवणीत होतो. कड दुमडण्यासाठी ती आधी रापीने किंवा यंत्राने तासतात. तासणी जास्त झाली की मधल्या घडीच्या टोकाशी, जिथे पाकीट रोज उघडते आणि मिटते, कातडे आधी पांढुरके पडते आणि मग तुटते. टाके फार जवळ पडले, तर टपाल तिकिटांच्या भोकांसारखी फाडायची रेघच तयार होते. सुती दोरा घामाने कुजतो. नायलॉन किंवा पॉलिस्टर टिकतो. कार्डाची जाडी 0.76 मिमी, सहा कार्डे, त्यांचे कप्पे आणि अस्तर एकत्र आले की पाकीट मिटल्यावर घडीवर कायमचा ताण राहतो. नोटांकडून त्रास कमी झाला आहे: जुन्या 500 आणि 1000 च्या नोटा 73 मिमी रुंद होत्या, 2016 पासूनच्या 500 च्या 66 मिमी.

हवामानाचा भाग ग्राहक सहसा विसरतो. जुलैत मुंबईची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. अशा दमट, बंद जागी चामड्यावर बुरशी धरते, पण ती पुसता येते. स्प्लिटवर चढवलेल्या पॉलियुरेथेनच्या थराचे तसे नाही. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. थर आधी चिकट होतो, मग खवल्यांसारखा सुटतो. यासाठी वापराची गरजच नाही. लग्नात आलेले 'चांगले' पाकीट म्हणून कपाटात जपून ठेवलेलेही तसेच जाते, बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असल्याने अधिकच. ओले पाकीट इस्त्रीने किंवा गॅसजवळ वाळवू नये: ओल्या कातड्याला उष्णता लागली की ते आक्रसते आणि कडक होते. रिकामे करून पंख्याखाली ठेवणे पुरते.

मागच्या खिशातले पाकीट बसल्यावर आडवे वाकते आणि घामातले मीठ ओढून घेते. शिवाय गर्दीच्या लोकलमध्ये ते आपलेच राहील याची हमी नाही. पुढचा खिसा दोन्ही बाबतींत बरा.

उसवलेली कड किंवा निखळलेले बटण स्टेशनाबाहेरचा गटई कामगार दुरुस्त करून देतो. रस्त्याकडेचे पत्र्याचे गटई स्टॉल राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून दिले जातात. घडीवर तुटलेल्या कातड्याला आतून पट्टी चिकटवून शिवता येते, फक्त त्याआधी जुने सोल्युशन खरवडून काढायला सांगावे, नाहीतर पट्टी धरत नाही. सुटलेल्या प्लास्टिकच्या थरावर मात्र इलाज नाही. बुटाचे पॉलिश लावल्याने तो झाकला जातो, पण रंग नोटांना आणि पँटच्या अस्तराला लागतो.