संततिनियमन, भ्रूणहत्या आणि धर्मविचार

संततिनियमनास धर्माचा विरोध का, असा प्रश्न उपस्थित झाला की मानवी जीवाचे मोल हेच त्याचे कारण म्हणून बहुधा पुढे केले जाते. १९३० ते १९३५ या काळात मांडल्या गेलेल्या भूमिका पडताळून पाहिल्या असता हे उत्तर अपुरे ठरते.

अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९०८ व १९२० मध्ये कृत्रिम उपायांचा निषेध केला होता. १९३० मध्ये मात्र, संयम हाच प्रथम मार्ग असे बजावूनही, तिने १९३ विरुद्ध ६७ मतांनी त्यांना मर्यादित मान्यता दिली. आणि लगेच पुढच्या ठरावात गर्भपाताविषयी तीव्र घृणा व्यक्त केली. ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांच्या 'कास्ती कॉन्युबी' या धर्मपत्राने नेमका उलट निर्णय दिला. तथापि त्यातही दोन्ही गोष्टींची कारणे निराळी आहेत. गर्भपातात निरपराध जीवाचा वध होतो. गर्भनिरोधात दांपत्यकर्म त्याच्या निसर्गसिद्ध हेतूपासून तोडले जाते. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी हानी होते ती जीवाची नव्हे, हेतूची.

हा भेद प्राचीन ग्रंथांत सर्वत्र पाळलेला नाही, हेही खरे. पराशरस्मृतीच्या मते ऋतुस्नात पत्नीजवळ असूनही जो पती तिच्याकडे जात नाही, त्यास भ्रूणहत्येचे पातक लागते. येथे जीव उत्पन्नच झालेला नाही. तरी पातक हत्येचे. नवव्या ग्रेगरीच्या १२३४ मधील चर्चकायद्याच्या संग्रहातही गर्भधारणा होऊ नये म्हणून औषध देणाऱ्यास खुनी समजावे असे वचन आढळते. याउलट अल् गझाली (मृत्यू ११११) 'अझ्ल'विषयी, म्हणजे वीर्य बाहेर टाकण्याविषयी, लिहिताना स्पष्ट सांगतो की हे कृत्य गर्भपातासारखे किंवा जन्मलेल्या मुलीला पुरण्यासारखे नाही, कारण त्या दोहोंत अस्तित्वात आलेल्या जीवाविरुद्ध अपराध घडतो. या विषयावर इतके स्वच्छ विवेचन फार थोड्या धर्मपंडितांनी केले असेल.

महाराष्ट्रात हा वाद रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याभोवती पेटला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी त्यांना या प्रचारापायी १९२५ मध्ये सोडावी लागली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालविले. जीवाच्या मोलाची भाषा येथे सुधारकाच्याही तोंडी होती: वारंवार होणाऱ्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीचा जीव कर्व्यांनी हिशेबात धरला होता. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. अपत्याच्या भीतीविना कामसुख घेण्याचा स्त्रीचा हक्क त्यांनी सांगितला, आणि विरोधकांना खरे टोचले ते हेच.

डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींना भेटल्या, तेव्हाही वाद याच मुद्द्यावर अडला. स्त्रीच्या हालांविषयी दोघांत मतभेद नव्हता. गांधीजींचा आक्षेप संततीच्या इच्छेवाचून होणाऱ्या समागमाला होता. कृत्रिम साधने त्यांना भोगाची वाट मोकळी करणारी वाटत. त्यांचे विवाहांतर्गत ब्रह्मचर्य पराशराच्या कसोटीस उतरणे कठीण होते, याकडे त्या वेळच्या सनातन्यांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. मात्र महिन्यातील 'सुरक्षित काळ' पाळण्यात काही दिवसांचा तरी संयम असतो, म्हणून त्या मार्गाबद्दल त्यांनी तितका विरोध दाखविला नाही.

ही सवलत पुढे राज्यकारभारात उतरली. ऑक्टोबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी गंभीर कारणे असल्यास सुरक्षित काळाचा आश्रय घेण्यास मुभा दिली. त्याच सुमारास भारताच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर होत्या. त्या जन्माने ख्रिस्ती आणि दीर्घकाळ गांधीजींच्या अनुयायी. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन सरकारी धोरणात आले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीतील लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे याच पद्धतीचे प्रयोग झाले. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोम व वर्धा या दोहोंना चालेल अशी पद्धत हीच होती. पण हिशेबाची सारी जबाबदारी स्त्रीवर आणि संयमाचा निर्णय पुष्कळदा पतीच्या हाती, अशी तिची मांडणी होती. रबरी साधनांची व पुढे शस्त्रक्रियेची वाट सरकारने धरली ती या प्रयोगांतून अपेक्षित फळ न मिळाल्यावर.