नौकानिवास व स्थानिक नियम

नौकानिवास : बंदरात, खाडीत किंवा नदीमुखाशी नांगरलेल्या नौकेवर काही काळ अथवा कायम वस्ती करून राहणे. नौकेची नोंदणी, नांगरण्याची जागा, विस्तव व दिव्यांचा वापर, सांडपाणी, संसर्गजन्य रोग व नौकेवरील माणसांची संख्या हे अशा वस्तीविषयक नियमांचे मुख्य विषय होत. पाण्यावर बंदराधिकाऱ्याची आणि जमिनीवर नगरपालिकेची वा ग्रामपंचायतीची सत्ता, अशी अधिकारांची वाटणी या नियमांच्या मुळाशी आढळते.

सावित्रीचे खोरे : पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावांपर्यंत नौका पोहोचत नाही, तथापि या परिसराचा समुद्राशी संबंध महाड बंदरामार्फत येई. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडवरून वाहत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. मोठी गलबते दासगावापर्यंत येत. लहान नौका भरतीच्या पाण्यावर महाडास लागत. नदीमुखावरील बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी १७५५ मध्ये आंग्र्यांकडून जिंकला व १७५६ च्या तहान्वये तो त्यांच्याकडेच राहिला.

या मार्गावरील तांडेल व खलाशी नारळी पौर्णिमेनंतर नौका पाण्यात लोटीत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत. मधल्या काळात त्यांचा स्वयंपाक, निद्रा व विश्रांती बहुधा नौकेवरच होई. कोकणातील नौकानिवास अशा रीतीने हंगामी होता. घर मात्र गावातच असे. म्हणूनच कायद्याने या लोकांकडे रहिवासी म्हणून न पाहता नौकेचे कर्मचारी म्हणून पाहिले.

कायद्याची वाटचाल : मुंबई इलाख्यातील किनारी नौका, मासेमारी नौका व बंदरातील होड्या यांच्या नोंदणीसाठी १८३८ चा अधिनियम झाला. १९०८ च्या भारतीय बंदर अधिनियमाने नौका नांगरण्याच्या जागा, विस्तव व दिव्यांचा वापर, होड्यांचे परवाने आणि नौकांमधून होणारा रोगप्रसार यांविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. बंदराच्या हद्दीत भरतीरेषेपासून ५० यार्डांपर्यंतचा किनारा समाविष्ट करण्याचीही त्यात तरतूद होती. त्यामुळे नौका व तिच्यासमोरचा काठ हे दोन्ही बंदराधिकाऱ्याच्या कक्षेत येऊ शकत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यानंतर १८९७ चा साथरोग अधिनियम आला आणि नौकेवरील माणूस आरोग्यविषयक तपासणीचा विषय बनला.

किनाऱ्यावरील हक्क : नौकेवर राहणाऱ्यास गोडे पाणी, बाजार, औषधोपचार व अंत्यविधी यांसाठी किनाऱ्यावर यावेच लागते. त्यामुळे जमिनीवरील स्थानिक संस्थेचे नियम त्याच्या जीवनास स्पर्श करतात. सार्वजनिक पाणी कोणास खुले, हा प्रश्न तर महाडमध्येच इतिहासात गाजला. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केलेल्या बोले ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करून तो हक्क प्रत्यक्षात बजावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून जलमार्गे दासगावास आले होते. नियम होणे व त्याचा लाभ मिणे यांतील अंतर या प्रसंगातून स्पष्ट होते.

अन्य देशांतील पद्धती : इंग्लंडमध्ये १८७७ च्या कालवा-नौका अधिनियमाने, वस्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांची नोंदणी स्थानिक अधिकाऱ्यांकडे सोपविली. नौकेत किती व्यक्तींनी राहावे हे ठरवून दिले जाई आणि मुलांच्या शिक्षणासाठी प्रत्येक नौका एखाद्या गावाशी जोडली जाई. या सुधारणेसाठी कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ यांनी चळवळ केली होती. १८८४ च्या दुरुस्तीने तपासणीची व्यवस्था अधिक दृढ झाली. हाँगकाँगमधील टांका लोक पिढ्यान्‌पिढ्या नौकांवर राहत. काश्मीरमधील दल सरोवरात गृहनौकांच्या सांडपाण्याचा प्रश्न नियमनाच्या केंद्रस्थानी आला.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रातील लहान बंदरांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९०८ च्या बंदर अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली. १९१७ च्या अंतर्देशीय नौका अधिनियमाऐवजी आलेल्या २०२१ च्या अधिनियमात, यंत्राविना चालणाऱ्या नौकांची नोंद जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत पातळीवर करण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवर आधारलेली असते आणि त्या यादीतील नाव ‘सामान्य निवासा’वर अवलंबून असते, तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे तो निवास संपत नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने नौकेवर राहणाऱ्या खलाशाचा गावातील मताधिकार अबाधित राहतो. ज्याला जमिनीवर घरच नाही, त्याची नोंद कोणत्या गावाने करावी, हा या विषयातील मूलभूत प्रश्न होय. इंग्लंडने नौकेलाच गावाशी जोडून त्याचे एक उत्तर दिले होते.