माळ्यावरचीं संगणकयंत्रें

मीरा रोड येथील ज्या इमारतींत प्रस्तुत लेखक राहतो, ती पाडून तिच्या जागीं नवी उठवावयाची, असें गेल्या वर्षीं सभासदांच्या सभेंत ठरलें. तिचा पाया घातला गेला त्या वेळीं मीरा-भाईंदरास नगरपालिकासुद्धां नव्हती. ती १९८५ सालीं झाली, आणि महानगरपालिका २००२ सालीं. मिठागरें व भातखाचरें मागें हटत होतीं, आणि मुंबईंत जागा न परवडणारीं कुटुंबें येथें येऊन राहत होतीं. या कुटुंबांनीं चाळीस वर्षांत जें टाकवलें नाहीं तें सर्व माळ्यावर चढलें. आतां माळे रिकामे होऊं लागले आहेत, आणि खालीं भंगारवाल्याचा टेम्पो उभा आहे. अशा गडबडींत आमच्या मजल्यावरील काकूंनीं एक खोकें माझ्यापुढें ठेवून विचारलें, "हें तुमच्या कांहीं उपयोगाचें आहे का? नाहीं तर देऊन टाकतें."

खोक्यांत स्पेक्ट्रम-प्लस जातीचें एक काळें संगणकयंत्र, तीन कॅसेटी आणि आलेखकागदाची एक वही होती. एका कॅसेटीवर काकूंच्या कैलासवासी यजमानांच्या हातचें वळणदार अक्षर होतें : 'पाढे – देवनागरी – १९८८'.

ज्या वाचकांनीं हीं यंत्रें पाहिलीं नसतील त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें १९८२ सालीं स्पेक्ट्रम बाजारांत आणलें. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरांतील दूरदर्शन-संच जोडावयाचा. स्वतःचें साठवण नव्हतें, घरांतील टेपरेकॉर्डर जोडावयाचा. आंत झेड-८० नांवाची चिप, सेकंदास ३५ लाख ठोक्यांनीं चालणारी. ती एका वेळीं आठ बिटांचा, म्हणजे शून्य ते २५५ पर्यंतचा, एकच आंकडा हाताळी. म्हणून आठ-बिटी हें नांव. स्मृति ४८ किलोबाइट. प्रस्तुत लेख आजच्या पद्धतीनें साठविला तर एवढ्यानेंच तिचा जवळजवळ निम्मा भाग अडेल! तरीहि या कोंदट जागेंत शेंकडों लोकांनीं खेळ रचले, हिशेब मांडले, आणि यंत्राला काय सांगितलें असतां तें काय करतें हें स्वतःच्या हातानें ताडून पाहिलें. आजच्या मोबाइलवर बोट फिरविणाऱ्यास हें शेवटचें सुख मिळत नाहीं, असें माझें मत आहे. तें वयाचें लक्षण म्हणून कोणी सोडून दिलें तरी माझी तक्रार नाहीं.

आपल्या देशांत हीं यंत्रें दोन वाटांनीं आलीं. एक वाट सरकारी. १९८४-८५ सालीं शिक्षण मंत्रालय व इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनीं मिळून 'क्लास' नांवाची योजना काढली आणि प्रथम सुमारें अडीचशें शाळांतून ऍकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक ठेवले. पुढें सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनें ऍकॉर्नच्या परवान्यानें त्याचाच अवतार 'युनिकॉर्न' या नांवानें काढला. या कंपनीच्या मोहाली येथील कारखान्यास फेब्रुवारी १९८९ मध्यें मोठी आग लागली. दुसरी वाट घरगुती. कोणी आखातांतून येतांना सामानांत यंत्र आणी. आणि १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनें स्पेक्ट्रम-प्लस परवान्यानें येथेंच विकावयास काढल्यावर तें एखाद्या नोकरदाराच्याहि घरीं आलें. पण तोंपर्यंत कचेऱ्यांतून आय.बी.एम. धर्तीचे मोठे संगणक शिरले होते, आणि दहा वर्षांच्या आंत हीं छोटीं यंत्रें माळ्यावर गेलीं. त्यांचा इतिहास आपल्याकडे कोणी लिहिला नाहीं. इंग्रज लोक आपल्या यंत्राच्या प्रत्येक स्क्रूची कुळकथा सांगतात. आम्हांला आमच्या 'युनिकॉर्न'चें छायाचित्रहि शोधावें लागतें.

वही उघडली तेव्हां मात्र खरें आश्चर्य वाटलें. पानोपानीं आठ बाय आठ चौकटी आंखलेल्या आणि त्यांत शाईनें ठिपके भरून एकेक देवनागरी अक्षर काढलेलें. स्पेक्ट्रमवर प्रत्येक अक्षर आठ ओळी व आठ ठिपके यांतच बसवावें लागतें. रोमन अक्षराला तेवढें पुरतें. देवनागरीचें तसें नाहीं. शिरोरेषेला एक ओळ, वरच्या मात्रेला दोन, खालच्या उकाराला दोन. उरलेल्या तीन ओळींत कोणीं 'झ' किंवा 'क्ष' काढून दाखवावा! त्यांत यंत्र वापरणाऱ्यास स्वतःचीं म्हणून अक्षरें देतें तीं फक्त एकवीस. काकूंच्या यजमानांनीं दोन्ही अडचणींवर तोड काढली होती. एकावर एक अशा दोन चौकटींचें एक अक्षर केलें. आणि एकवीसची मर्यादा ओलांडण्यासाठीं यंत्राच्या स्मृतींतील २३६०६ व २३६०७ या दोन घरांतील आंकडे बदलून, यंत्र आपलीं अक्षरें जेथून उचलतें ती जागाच दुसरीकडे नेली. अशा रीतीनें ७६८ बाइटांच्या एका तक्त्यांत शहाण्णव नव्या चौकटी मिळतात. ही युक्ति परदेशीं अनेकांस ठाऊक होती. पण दिवसभर नोकरी करून रात्रीं येथें बसलेल्या माणसास ती सांगावयास कोण होतें? समासांत खोडलेले आंकडे पाहतां त्यांना ती धडपडत सांपडली असावी.

आतां यंत्र चालू करावयाचें. चाळीस वर्षांत कळफलकाखालचा पातळ पडदा ठिसूळ होऊन तुटला होता आणि विजेचे कपॅसिटर सुकले होते. कपॅसिटरांसाठीं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गांठला. तेथील एका वृद्ध दुकानदारानें झेड-८० हें नांव ऐकतांच खालच्या खणांतून एक धुळकट डबी काढली, तींतली एक चिप मीं जपून ठेवण्यास घेतली. या चिपेची बनावट १९७६ पासून चालू होती. झिलॉग कंपनीनें एप्रिल २०२४ मध्यें तिचा मूळ स्वरूपांतील पुरवठा बंद करीत असल्याचें जाहीर केलें आणि जूनपर्यंतच मागण्या घेतल्या.

कळफलकाचा पडदा मात्र नवा मिळाला. अगदीं नवा, अलीकडे बनविलेला! जगांत ठिकठिकाणीं कांहीं हौशी मंडळी या मेलेल्या यंत्रांसाठीं आजहि सुटे भाग व आज्ञावल्या तयार करीत आहेत. स्पेक्ट्रमच्या पोटांत फेरांटी कंपनीची एक खास चिप असे. ती बिघडली कीं यंत्र संपलें, कारण ती इतरत्र कोठेंच मिळत नसे. ख्रिस स्मिथ नांवाच्या अभियंत्यानें तिच्या अंतरंगाचा अभ्यास करून २०१० सालीं त्यावर ग्रंथच लिहिला, आणि आतां तिची जागा घेणाऱ्या नव्या चिपा हौशी लोक करतात. टेपरेकॉर्डराऐवजीं नखाएवढें मेमरी-कार्ड लावतां येतें. पूर्वीं पांच मिनिटें किंचाळत राहणारी आज्ञावली त्यावरून डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उतरते. बीबीसी मायक्रोला तर आजच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाची जोड देतात. यांत एक गंमत आहे. रास्पबेरी पायमधील आर्म जातीची चिप १९८५ सालीं ऍकॉर्न कंपनींतच प्रथम जन्मली, आणि तिची आंखणी करतांना बीबीसी मायक्रोच हाताशीं होता. म्हणजे नातवानें येऊन आजोबांच्या ओझ्याला हात लावावा, तसा हा प्रकार आहे. कांहींनीं तर 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' हें संपूर्ण नवें यंत्रच लोकांकडून आगाऊ पैसे जमवून उभें केलें. २०१७ मध्यें वर्गणी आणि २०२० मध्यें यंत्र घरीं. त्याच्या विद्युद्रचनेच्या मुळाशीं ब्राझीलमधील अभियंते होते, हें येथें मुद्दाम नमूद करावेंसें वाटतें. मोठ्या देशांतील मोठ्या प्रयोगशाळेखेरीज कांहीं होत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार आहे.

या उद्योगांतील बरेंचसें निव्वळ क्रीडा आहे. जुन्या यंत्रावर नवे खेळ रचण्यांत मला स्वतःला गोडी नाहीं. परंतु ज्यामुळें जुनी टेप वाचतां येते तें साधन मी वेगळ्या मोलाचें समजतों. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला तेव्हां नुसते रुमाल मिळून भागत नसे. मोडी लागणारा डोळाहि लागे. कॅसेट हा आमच्या काळचा रुमाल आहे आणि ती ज्याला लागते तें यंत्र टेम्पोंत चाललें आहे. कागद दोनशें वर्षें टिकला. टेपेवरील चुंबकीय लेप खाडीच्या दमट हवेंत चाळीस वर्षांतच सुटूं लागतो.

येथें या हौशी मंडळींपैकीं अनेकांशीं माझा एक मतभेद आहे. कॅसेटींतून आज्ञावली तेवढी काढून घ्यावी, बाकीचा ध्वनि टाकून द्यावा, अशी त्यांची रीत. फाइल लहान होते, यंत्राला तेवढीच लागते. मोडी कागदाचा तर्जुमा झाल्यावर कागद जाळावा, असेंच हें झालें. म्हणून मीं तिन्ही कॅसेटी आरंभापासून अखेरपर्यंत जशाच्या तशा ध्वनिरूपानें उतरवून घ्यावयाच्या ठरविल्या, आणि मग त्या प्रतीवर काय तें काम करावयाचें.

तिसरी कॅसेट प्रथमच बाद झाली; तिच्यावर पांढरी बुरशी होती, आणि फिरवितां लेप निघूं लागला, तेव्हां थांबलों. दुसरीवर निम्म्यांत चित्रपटगीतें भरलेलीं निघालीं. 'पाढे' मात्र निघाली. स्पेक्ट्रम प्रत्येक खंडाच्या शेवटीं एक ताळ्याचा बाइट लिहितें. मागचे सर्व बाइट ठरल्या रीतीनें जुळवून तो येत नसेल तर टेप चुकली, असा निरोप देतें. पहिल्या तीन वेळां तोच निरोप आला. ध्वनीची पातळी थोडी उतरविल्यावर चौथ्या वेळीं ताळा पटला, आणि काळसर पडद्यावर ठसठशीत देवनागरींत मुलीचें नांव उमटलें. खालीं प्रश्न, 'सात सक?'

काकू दारांतच उभ्या होत्या. त्यांना मीं टेपेची नक्कल आरंभापासून लावून दाखविली. त्या काळीं आज्ञावली भरण्यापूर्वीं लोक टेपेवर तिचें नांव तोंडानें बोलून ठेवीत, म्हणजे पुढें शोधावयास बरें. करकरीत सूर सुरू होण्याच्या आधीं चार सेकंद एक शांत, किंचित् घसा बसलेला आवाज आला : "पाढे. दुसरी दुरुस्ती. अठ्ठावीस फेब्रुवारी."

काकूंनीं तो तीन वेळां लावावयास सांगितला. मग त्यांनीं मुलीला फोन लावला आणि तो माझ्या हातीं दिला. त्यांना बोलतां येईना. तिकडून तिनें आधीं विचारलें तें हेंच, कीं तिसऱ्या कॅसेटींत काय होतें. ती कॅसेट मीं कोरड्या डब्यांत घालून ठेवली आहे. पडद्यावरचा प्रश्न तोंपर्यंत तसाच उत्तराची वाट पाहत होता.