फ्रिडा काहलो

फ्रिडा काहलो (६ जुलै १९०७ – १३ जुलै १९५४) या मेक्सिकोच्या जगविख्यात चित्रकार होत्या. मेक्सिको शहरातील कोयोआकान भागातल्या 'कासा आसूल' म्हणजे 'निळे घर' या वास्तूत त्या वाढल्या आणि तेथेच त्यांचे निधन झाले. वडील गियेर्मो काहलो हे मूळचे जर्मन छायाचित्रकार. फ्रिडा आपले जन्मवर्ष १९१० सांगत. मेक्सिकन क्रांतीचा प्रारंभ त्या वर्षी झाला होता.

सहाव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा उजवा पाय बारीक राहिला. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा विचार होता. परंतु १७ सप्टेंबर १९२५ रोजी त्यांच्या बसला ट्रामने धडक दिली. पाठीचा कणा, कंबरेचे हाड व उजवा पाय यांना गंभीर इजा झाली. अंथरुणाला खिळलेल्या मुलीसाठी आईने झोपून वापरता येईल असा चित्रफलक करवून घेतला. पलंगाच्या वर आरसाही बसवला. सदैव समोर असलेला चेहरा म्हणजे स्वतःचाच. त्यांच्या चित्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा आत्मचित्रांचा आहे.

१९२९ मध्ये त्यांनी भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी विवाह केला. १९३९ मध्ये घटस्फोट व १९४० मध्ये पुन्हा त्यांच्याशीच विवाह, असे हे वादळी सहजीवन होते. रिव्हेरा भिंतीच्या भिंती रंगवीत, तर फ्रिडांची अनेक चित्रे उघडलेल्या वहीएवढी आहेत. त्यांच्या वेदनेची कहाणी इतकी सांगितली जाते की या लहान आकारामागील परंपरा दुर्लक्षित राहते. संकटातून वाचलेली माणसे संताचे आभार मानण्यासाठी चर्चमध्ये पत्र्यावरील छोटी चित्रे वाहत. एक प्रकारे नवस फेडणेच ते. अशा चित्रात वर तरंगणारा संत असतो. डेट्रॉइट येथील गर्भपातानंतर १९३२ मध्ये पत्र्यावरच रंगवलेल्या 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' या चित्रात मात्र संत नाही. रक्ताळलेल्या पलंगाभोवती लाल फितींना बांधलेले अर्भक, गोगलगाय, यंत्र व कंबरेचे हाड दिसते.

आंद्रे ब्रेताँ यांनी त्यांना अतिवास्तववादी ठरवले. फ्रिडांना ते मान्य नव्हते. आपण स्वप्ने नव्हे, तर स्वतःचे वास्तव रंगवतो, अशी त्यांची भूमिका होती. 'दोन फ्रिडा' (१९३९) आणि 'भंगलेला स्तंभ' (१९४४) ही त्यांची प्रसिद्ध चित्रे होत.

मायदेशातील त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९५३ मध्ये भरले. उद्घाटनाला त्या रुग्णवाहिकेतून आल्या आणि दालनात मांडलेल्या पलंगावरून त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९५८ पासून निळे घर संग्रहालय म्हणून खुले आहे.